पान फाडून नेलंत, पण त्या पानावर अजून तेरा घरं होती

मानवतकरांनो, आज जरा लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. आणि वाचून झाल्यावर कमेंटमध्ये एकमेकांच्या आईबापाचा उद्धार करू नका, एवढी विनंती. (करणारे करतीलच म्हणा.)

गेल्या महिन्यात एका सरकारी कार्यालयात जुनं जन्म-मृत्यूचं रजिस्टर बघायला गेलो होतो. कार्यालयाचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे एका ठिकाणचं दुखणं नाही. मला हवं असलेलं पान त्यात नव्हतं. फाडलेलं होतं. घाईघाईत ओरबाडलेलंही नाही, शिवणीजवळ पट्टी धरून ब्लेडनं नीट कापून नेलेलं. दोन महिन्यांपूर्वी तेच पान मी याच डोळ्यांनी पाहिलं होतं, वहीत टिपूनही ठेवलं होतं. फसली सन १३४१. एका पानावर चौदा नोंदी. तिघांपुढं कुणबी, चौघांपुढं मराठा, बाकी माळी, महार, मांग, न्हावी, दोन मुसलमान घरं.

ज्यानं पान नेलं त्याचं दुःख मला कळतं. लेकराचं ॲडमिशन असंल, नाहीतर भरतीची तारीख जवळ आली असंल. तीन पिढ्यांत पहिल्यांदा कागदावर आजोबांचं नाव दिसलं, आणि वाटलं, हे दुसऱ्याच्या हाती लागायला नको. पण बाबा, त्या पानावर अजून तेरा घरं होती. त्यांचा आजोबा तू घेऊन गेलास. आणि खरं सांगू का, तुझाही गेला. उद्या जात पडताळणी समितीचं दक्षता पथक मूळ रजिस्टर तपासायला आलं, की त्यांना तिथं पानाची कड दिसणार. तुझ्या हातातल्या सुट्या कागदाला कोण विचारतंय?

माझं भांडण नुसतं त्या एका माणसाशी असतं तर पोस्ट लिहिली नसती. भांडण आपल्या सगळ्यांशी आहे, माझ्यासकट.

सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीच्या लाठीमारानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या तहसीलपासून शाळेपर्यंत सगळी जुनी दप्तरं उघडली. कधी नव्हे ते आपल्याकडं माणसं आपला इतिहास शोधायला लागली. ज्यांनी शाळेत इतिहासाचा तास कधी मनापासून ऐकला नाही ते पोरं "मोडी वाचणारं कोणी आहे का" म्हणून फोन करायला लागले. सेतवार, खासरा पाहणी, कोतवाल बुक, प्रवेश-निर्गम उतारा, हे शब्द पानटपरीवर ऐकू यायला लागले. मी वीस वर्षं बातम्या करतोय, असं दृश्य कधी पाहिलं नव्हतं. पुण्याकडच्या घराण्यांनी शंभर वर्षांपूर्वीपासून आपापले कुलवृत्तान्त छापून घेतले, वंशवृक्षाचे तक्ते, मूळ गाव, कुलदैवत, कोण कुठं गेलं, सगळं. आमच्या नांगरधाऱ्यांचं कुलवृत्तान्त छापायला कोण बसलं होतं? आमचा वृत्तान्त सरकारच्या वसुलीच्या वहीत. सारा किती, बाकी किती, मेला कधी.

म्हणजे संधी मोठी होती. केलं काय आपण तिचं?

सरकारनं ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस जाहीर केलं, की सुमारे १ कोटी ७२ लाख नोंदी तपासल्या आणि ११ हजार ५३० कुणबी नोंदी सापडल्या. हिशोब करा. साधारण दीड हजार नोंदींमागं एक. पुढं समितीचं काम राज्यभर नेलं आणि नोंदी लाखांनी सापडल्या, पण त्यात मोठा वाटा मराठवाड्याबाहेरचा. एका बाजूनं ओरड झाली, "एवढ्याच कशा?" दुसऱ्या बाजूनं ओरड झाली, "एवढ्या तरी कशा?" पण त्या उरलेल्या पावणेदोन कोटींचं काय झालं, हे कोणीच विचारलं नाही. उघडली, 'कुणबी' शब्द दिसला नाही, परत बांधली, कोपऱ्यात टाकली. शब्द सापडला तेवढं स्कॅन, तेवढं जिल्ह्याच्या संकेतस्थळावर. बाकीचं वाळवीला.

एवढ्या माणसांनी, एवढा पगारी वेळ घालवून, एवढी पानं उलटली. त्याच वेळी प्रत्येक पानाचा फोटो काढला असता, गाव आणि साल टाकून ठेवला असता, तर आज मराठवाड्यातल्या प्रत्येक जातीच्या, प्रत्येक धर्माच्या माणसाला आपला पणजोबा घरबसल्या बघता आला असता. तेव्हा मी हे एका अधिकाऱ्यांना बोललो होतो. ते म्हणाले, "साहेब, आम्हाला आदेश कुणबी नोंदी शोधायचा आहे." त्यांचंही बरोबर. आदेश नव्हता. आदेश मागितलाच नव्हता कोणी. मोर्चात कोट्यवधी माणसं होती, मागणीपत्रात ही एक ओळ कोणी टाकली नाही. माझ्या पेपरमध्ये मीही टाकली नाही. मी आकडे छापत बसलो.

आता दुसरी गोष्ट. २ सप्टेंबर २०२५ च्या जीआरपासून 'हैदराबाद गॅझेटियर' हा शब्द असा फिरतोय, जणू ते आपल्या आजोबांच्या नावांची यादी आहे. परवा एक शिकलेला माणूस मला म्हणला, "गॅझेटमध्ये आमच्या गावचं पान काढून द्या ना." दादा, गॅझेटियरमध्ये तुमच्या आजोबांचं नाव नाही. माझ्याही नाही. त्यात जिल्ह्याजिल्ह्याचे आकडे आहेत, कोणत्या जातीची किती डोकी. निजामाच्या राज्यात पहिली रीतसर खानेसुमारी १८८१ साली झाली, तिचे आकडे. १९०९ साली छापलेला संस्थानाचा गॅझेटियर, त्यातली वर्णनं. त्यावरून एवढं कळतं, की इथं शेती कसणारा मोठा समाज कुणबी म्हणून मोजला जात होता. इतिहासाला हा पुरावा फार मोलाचा आहे. पण तुमचा राणोजी त्या आकड्यातला एक होता, हे सिद्ध करायला कागद गावातलाच लागतो. म्हणून तर जीआरमध्ये गावपातळीवरची समिती आहे, ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांची. जमिनीचा पुरावा नसंल तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी पूर्वज त्या भागात राहत होते असं शपथपत्र, आणि मग कुळातल्या, भावकीतल्या नोंदींवरून चौकशी. जीआरला कोर्टात आव्हान आहे, त्याचं जे व्हायचं ते होईल. पण चौकशी करायची म्हणजे काय करायचं, हे तरी आपल्याला माहीत पाहिजे ना?

कागद शोधायला बसलं की पहिली अडचण आडनावाची. निजामकाळातल्या बहुतेक नोंदींत आडनावच नाही. 'मारोती वल्द राणोजी.' संपलं. एका गावात तीन मारोती, दोघांचे बाप राणोजी. तुमचा कोणता? इथं नुसती 'नोंद सापडली' म्हणून पेढे वाटून उपयोग नाही. जमीन धरून मागं जावं लागतं. आजचा सातबारा, त्याचा गट नंबर, जिथं एकत्रीकरण झालंय तिथं त्या गटाचा जुना सर्व्हे नंबर, मग १९५४-५५ ची खासरा पाहणी, मग सेतवार. नाव बदलतं, माणूस मरतो, पण सर्व्हे नंबर सहसा जागा सोडत नाही. त्या धाग्यानं मागं गेलं की तीन मारोतींतला आपला कोणता ते कळतं. मग त्याच्या बांधाला बांध लावून कोण होतं तेही कळतं, आणि भावकी उलगडायला लागते.

दुसरी अडचण तारखांची. फसली सनात ५९० मिळवा, इसवी सन येतं. वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, म्हणून १३४१ फसली म्हणजे १९३१-३२. महिने आजुर, दय, बहमन, इस्फंदार असे. कित्येकांनी १३४१ बघून "सातशे वर्षांपूर्वीची नोंद" म्हणून स्टेटस ठेवले होते! हसू नका, एका पुढाऱ्यानंही ठेवलं होतं.

तिसरी अडचण लिपीची, आणि इथं मला खरं बोलायचंय. पाटील-पटवाऱ्याचं दप्तर मोडीत, वरचं उर्दूत, त्याहून जुनं फारसीत. उर्दूही छापील नाही, घसटी शिकस्ता, नुक्ते अर्धे गाळलेले. 'कौम'च्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचायला आयुष्य घालवलेलं माणूस लागतं. माझं ते १३४१ चं रजिस्टर मोडीत होतं, म्हणून माझं मी धडपडत वाचलं. पण त्याच गावच्या वसुलीचे उर्दू कागद मला एका निवृत्त गुरुजींनी वाचून दिले. वय ऐंशीच्या पुढं, डोळ्याला मोतीबिंदू, हातात भिंग. मुसलमान. त्यांनी एक रुपया घेतला नाही. गेल्या दोन वर्षांत त्यांच्याकडं किती मराठ्यांची घरं कागद घेऊन गेली याची मोजदाद त्यांच्याकडंही नाही. आणि त्यातलीच काही पोरं रात्री ग्रुपवर "ही भाषा इथून हद्दपार करा" असलं फॉरवर्ड करतात. अरे, तुझ्या पणज्याचं नाव त्या भाषेत लिहिलेलं आहे. ती हद्दपार केलीस तर तोही गेला. गुरुजी गेल्यावर तालुक्यात हे वाचणारं कोण आहे, मला एक नाव सांगा.

आता सगळ्यात नाजूक जागा. मराठा समाजातल्या माझ्या भाऊबंदांनो (हो, मीही त्यातलाच, लपवत नाही), ह्या नोंदी कमी सापडायचं एक कारण आपल्याच घरात आहे. 'कुणबी' म्हणवून घ्यायची लाज. आमच्या आजीला कोणी कुणबी म्हणलं असतं तर तिनं त्याला पाणी विचारलं नसतं. लग्न जुळवताना शहाण्णव कुळी, देवक कोणतं, सोयरीक कोणात, हे सगळं तोलून घेणारी माणसं. मागच्या शतकाच्या सुरुवातीपासून कुणब्याचा मराठा होण्याची हौस सगळ्या महाराष्ट्रात होती, खानेसुमारी घेणाऱ्यांनीही तसं लिहून ठेवलंय. आता दाखल्यापुरतं कुणबी आणि लग्नाच्या बायोडाटात परत शहाण्णव कुळी! माझा आक्षेप दाखल्याला नाही. ज्याला हक्कानं मिळतोय त्यानं घ्यावा, शेती बुडीत गेलेल्या माणसाला शहाणपण शिकवायला मी कोण? आक्षेप हा आहे, की आपण स्वतःचा इतिहास दोन्हीकडं अर्धाच वाचतो. तहसीलमध्ये एक अर्धा, मांडवात दुसरा अर्धा.

आणि ओबीसी मित्रांनो, तुमच्याशीही बोलायचंय. खाडाखोडीच्या, बनावट नोंदींच्या तक्रारी तुम्ही करता, त्यातल्या काही खऱ्या आहेत. वेगळ्या शाईत घुसडलेला शब्द मीसुद्धा पाहिलाय. त्यांच्यावर गुन्हे दाखल झालेच पाहिजेत. पण "सगळ्याच नोंदी बोगस" असं जेव्हा तुम्ही स्टेजवरून म्हणता, तेव्हा तुमचीही वही तुम्ही जाळताय. त्याच बाडात धनगराचं घर आहे, वंजाऱ्याचं आहे, माळ्याचं आहे. बलुतेदाराचं वतन त्याच दप्तरात लिहिलंय. उद्या तुमच्या लेकराला पडताळणीत १९६७ च्या आधीचा पुरावा मागतील, अनुसूचित जातीच्या लेकराला १९५० च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांच्या लेकराला १९६१ च्या आधीचा. तो कुठून आणणार? बनावट ओळखायला सुद्धा खरं रजिस्टर अख्खं शाबूत लागतं. सगळी पानं सगळ्यांना दिसायला लागली की घुसडलेला शब्द आपोआप उघडा पडतो. अंधारात ठेवलेल्या वहीतच खाडाखोड सुखानं होते. आणि एजंटांचं दुकान पण तिथंच चालतं. "नोंद शोधून देतो, एवढे लागतील." जो कागद जनतेचा आहे तो बघायला दलाल कशाला?

ज्यांची जमीनच नव्हती त्यांचं काय, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही. आमचं घर बटईनं कसणारं. सेतवारात नाव नाही, खासऱ्यात मालकाचं नाव, आमचं नाही. शाळेत पहिला गेला तो माझा बाप. ते फाडलेलं पान मी शोधत होतो ते त्यासाठीच. चौदांतली आठवी नोंद आमच्या पणजोबाच्या थोरल्या भावाच्या मृत्यूची होती, असं मला वाटतं. वाटतं म्हणतो, कारण खात्री करायला गेलो तेव्हा पान नव्हतं. ज्याच्याकडं पन्नास एकर होते त्याला दहा ठिकाणी पुरावा मिळतो. ज्याच्याकडं काही नव्हतं तो सरकारच्या वहीत जन्मला आणि मेला तेवढाच, तेही पाटलाला आठवलं तर. ज्याला खरी गरज त्याचीच वंशावळ सगळ्यात तोकडी. आणि तेवढंच एक पान कापून नेतात.

बायकांचं तर विचारूच नका. वंशावळीच्या शपथपत्रात आजी नाही, पणजी नाही. नोंदीत 'अमक्याची बायको', जन्माच्या नोंदीत नुसतं 'मुलगी'. माझ्या पणजीचं नाव काय होतं ते मी चार म्हाताऱ्यांना विचारलं, चौघींनी चार सांगितली. आपल्याच जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगुबाई अंबोरे यांच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या संग्रहात आहेत. त्या संग्रहात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत. म्हणजे दोन माणसांनी मनावर घेतलं तर खेड्यातल्या बायांचं बोलणं टिकवता येतं. आपण मनावर काय घेतो? डीजे.

गावाच्या इतिहासाचं म्हणाल तर आपली कथा अजून वाईट. मानवत म्हणलं की बाहेरचा माणूस अजूनही एकच विचारतो, ते खुनांचं. १९७२ ते ७४ ची दोन वर्षं. त्यावर पिक्चर निघाला, २०२४ ला वेबसिरीज पण आली. कापसाची बाजारपेठ, गावापासून लांब असलेलं आणि तरी गावाचं नाव लावणारं मानवत रोड स्टेशन, निजामाची रेल्वे आल्यावर इथं बदललेला व्यापार, रझाकाराच्या वर्षात कोणतं घर कोणाच्या घरात लपलं, पोलीस ॲक्शननंतर उलट कोणाला लपावं लागलं, यावर एक पुस्तिका तरी आहे का आपल्या हातात? शेजारच्या पाथरीचं बघा. जानेवारी २०२० मध्ये साईबाबांच्या जन्मस्थानावरून शिर्डी बंद झाली, सगळ्या देशानं पाथरीचं नाव ऐकलं. एका माणसाचं घर कुठलं, एवढ्या प्रश्नावर शंभर कोटींची गोष्ट अडली. घराण्याचा इतिहास हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असं म्हणणाऱ्यांनी तो आठवडा आठवावा.

असो. शिव्या देऊन झाल्या, आता मागणं मांडतो. तालुक्यातल्या सगळ्या गावांची १९६७ च्या आधीची रजिस्टरं पानन् पान स्कॅन करा, शब्द शोधू नका, अख्खी करा. फक्त इथलीच नाहीत. आपला तालुका पूर्वी पाथरीत होता, जिल्ह्याचा नकाशा कितीदा बदलला, परतूर जालन्यात गेलं, हिंगोली वेगळी झाली. आपले कागद तिकडं कुठं अडकलेत त्याची यादी तरी करा. हैदराबादच्या तारनाक्याच्या अभिलेखागारात आहेत त्यांच्या प्रती मागवा. रजिस्टर बघायला देताना माणूस समोर बसवा, बघणाऱ्याची सही घ्या, पानं मोजून द्या, मोजून घ्या. आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्यांना मानधन द्या. त्यांच्या हाताखाली पाच-दहा पोरं बसवा, मुली असल्या तर अजून चांगलं.

हे निवेदन मी टाइप केलंय. सोमवारी सकाळी अकरा वाजता तहसीलला देणार. कोणत्याही पक्षाचा, कोणत्याही समाजाचा झेंडा नको, उपरणं पण नको. कोल्हा, ताडबोरगाव, केकरजवळा, रामपुरीकडच्या मित्रांनी आपल्या गावात कोणत्या वर्षापासूनची रजिस्टरं आहेत तेवढं विचारून या.

आणि ज्यानं ते पान नेलंय, त्याला. तू ही पोस्ट वाचणार हे मला माहीत आहे, तालुका लहान आहे. तुझं नाव मी विचारणार नाही, पोलिसात जाणार नाही. पान पाकिटात घाल आणि रात्री माझ्या ऑफिसच्या शटरखालून सरकव. मी त्याच कार्यालयात पंचनामा करून जमा करीन. तेही जमत नसंल तर नीट उजेडात, चारी कडा दिसतील असा फोटो तरी काढून पाठव. आठव्या ओळीत नाव काय आहे तेवढं मला बघायचंय.